लाट वाजवणारी गिटार



बासरीतून वाऱ्याची झुळूक काढता येते, पखवाजावर मेघांचा गडगडाट काढता येतो. पण समुद्राची लाट वाद्यातून कशी काढायची? लाट दुरून येते, उंच होते, फुटते आणि फेसाळत मागे सरते. हे सारे तारेच्या वाद्यातून ऐकवण्याचा खटाटोप १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यावर काही तरुणांनी केला. त्या संगीताला सर्फ संगीत म्हणतात. सर्फ म्हणजे किनाऱ्याशी फुटणारी लाट. लांब फळीवर उभे राहून या लाटेवरून घसरत यायचे, हा हवाई बेटांतला फार जुना खेळ. तो कॅलिफोर्नियात रुजला आणि त्याच्या मागोमाग हे संगीत आले. यात बहुधा शब्द नसतातच. गिटारच बोलते.

आता ही गिटार कशी असते ते पाहू. आपल्या एकतारीला भोपळा असतो. तार छेडली की भोपळ्यातली हवा घुमते आणि नाद मोठा होतो. या गिटारीला मात्र भोपळा नाही की पोकळ पेटी नाही. ती चक्क भरीव लाकडाची फळी! मग नाद कुठून येतो? तारा पोलादाच्या असतात. त्यांच्याखाली लोहचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची तार थरथरली की खालच्या वेढ्यांत विजेचा बारीकसा प्रवाह उत्पन्न होतो. अँप्लिफायर त्याला मोठा करतो आणि लाऊडस्पीकर आपल्याला ऐकवतो. म्हणजे या वाद्याचा भोपळा त्याच्यापासून चार हात दूर, जमिनीवर ठेवलेला असतो म्हणा ना!

अशी गिटार करणाऱ्यांत एक मोठे नाव लिओ फेंडर यांचे. जन्म १९०९ चा, गाव कॅलिफोर्नियातले फुलर्टन, आणि मूळचा धंदा रेडिओ दुरुस्तीचा. गंमत अशी की, या गृहस्थांना गिटार वाजवता येत नव्हती. पण वादक मंडळी त्यांच्याकडे येत, तक्रारी सांगत, आणि फेंडर त्या कान देऊन ऐकत. कोणी म्हणे, वाद्याची कड छातीला टोचते. फेंडर ती कड उतरती करीत. अशा ऐकण्यातूनच १९५४ साली त्यांची 'स्ट्रॅटोकास्टर' ही गिटार बाजारात आली.

हीच गिटार डिक डेल या तरुणाच्या हाती पडली. तो १९३७ साली बोस्टन शहरात जन्मला. वडिलांचे घराणे लेबनॉन देशातले. त्याच्या काकांकडून तो त्या बाजूचे चामड्याचे वाद्य शिकला. त्या वाद्याची बोटांची जलद लय त्याने पुढे गिटारीच्या तारेवर आणली. आपल्याकडे ताशावर काड्या कशा तडतडतात, तशी त्याची नखी एकाच तारेवर खालीवर धावे. डेल डावखुरा होता. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी जो तारांचा क्रम लावतात, तोच क्रम ठेवून त्याने गिटार उलटी धरली. जाड तार वर असायची ती खाली गेली. कोणत्याही पुस्तकात ही रीत नव्हती. पण त्याच उलट्या हाताने त्याने आपला बाज घडवला.

१९६१ च्या उन्हाळ्यात बाल्बोआ येथील रॉन्देव्हू बॉलरूम या मोठ्या नृत्यगृहात डेलचे कार्यक्रम सुरू झाले. हजारो तरुण नाचायला जमत. एवढ्या गर्दीत गिटार पोचवायची तर आवाज मोठा हवा, आणि समुद्रासारखा अंगावर येणारा हवा. डेलने जाड तारा चढवल्या, अँप्लिफायर पूर्ण सोडला. परिणाम काय? यंत्रे धडाधड जळू लागली. डेल पुढे सांगत असे की, फेंडर आणि त्यांचे सहकारी फ्रेडी टावारेस, जे स्वतः वादक होते, ते अखेर त्या गर्दीत येऊन उभे राहिले आणि तेव्हा त्यांना उमगले की या मुलाला नेमके काय हवे आहे. दुकानात बसून जे कळत नव्हते ते तिथे कळले. मग अधिक ताकदीचा अँप्लिफायर आणि पंधरा इंचांचे दणकट लाऊडस्पीकर तयार झाले.

पण लाटेचा ओलेपणा अजून आला नव्हता. तो आला एका साध्या स्प्रिंगेतून. विहिरीत वाकून हाक मारली तर हाक घुमत परत येते, हे आपल्याला ठाऊक आहे. ही विहीर फेंडर यांनी १९६१ साली पेटीत बसवली. गिटारीतून आलेला प्रवाह लांब स्प्रिंगेचे एक टोक हलवतो. ते कंपन स्प्रिंगेतून दुसऱ्या टोकाला जाते, तिथे त्याची पुन्हा वीज होते आणि ती मूळ आवाजात मिसळते. काही कंपन टोकाला आपटून मागे फिरते, पुन्हा पुढे येते आणि हळूहळू विरते. म्हणून सूर संपला तरी त्याची ओल मागे राहते. गायनाचा पुरवठा म्हणून डेलला हे साधन हवे होते. गिटारीला ते जोडले आणि सर्फ संगीताला त्याचा आवाज सापडला. पेटीला धक्का लागला तर आत वीज कडाडल्यासारखा आवाज होतो, इतकी ती स्प्रिंग हळवी असते.

१९६२ साली डेलने 'मिसर्लू' ही धून वाजवली. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची ही जुनी चाल. नावाचा अर्थ मिसर देशाची स्त्री. आपल्या कानांना ती परकी वाटणार नाही. तिच्यात रिषभ व धैवत कोमल, आणि गंधार, मध्यम, निषाद शुद्ध. म्हणजे आपल्या भैरवाचेच सूर! राग भैरव नव्हे, चालण्याची रीत निराळी. पण पहाटे ऐकलेले सूर लाटांवर स्वार होऊन आलेले ऐकले की क्षणभर चकित व्हायला होते.

या वादकांच्या आवडत्या आणखी दोन गिटारींची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९५८ साली फेंडर यांनी 'जॅझमास्टर' केली. नावाप्रमाणे ती जॅझ वाजवणाऱ्यांसाठी होती. पण त्या मंडळींनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. तिला उचलले ते किनाऱ्यावरच्या पोरांनी. तिच्या तारांचा ताण हलक्या हाताने कमी-जास्त करणारा लांब दांडा आहे. तो हलवला की सूर पाण्यासारखा डुलतो. १९६२ साली 'जॅग्वार' आली, आखूड तारांची व तीक्ष्ण आवाजाची. तीही त्यांना प्रिय झाली.

आणि ही पोरे म्हणजे खरोखरच पोरे होती. 'पाइपलाइन' ही १९६३ साली गाजलेली धून शान्टेज या मुलांची. त्यांचा संच सांता आना येथील माध्यमिक शाळेत जमला होता. त्याच वर्षी गाजलेली 'वाइप आउट' ही धूनही सर्फेरिज या अशाच कोवळ्या मुलांची. जपानात व्हेंचर्स या अमेरिकन संचाच्या १९६५ सालच्या दौऱ्यानंतर विजेच्या गिटारीचे असे वेड पसरले की, काही ठिकाणी शाळांनी तिच्यावर बंदी घातली. वेड मात्र थांबले नाही. त्याच साली आपल्याकडे 'गुमनाम' या हिंदी चित्रपटात शंकर-जयकिशन यांच्या नृत्यगीतात याच जातीची ठसकेबाज गिटार वाजली.

१९६४ साली इंग्लंडचे बीटल्स अमेरिकेत आले आणि वारे फिरले. १९६५ साली फेंडर यांनी आपला कारखाना विकला. १९६६ साली ते नृत्यगृह जळाले. पुढे 'जॅझमास्टर' व 'जॅग्वार' यांचे उत्पादनही थांबले आणि जुन्या गिटारी स्वस्तात मिळू लागल्या. पैसे कमी असलेल्या नव्या वादकांनी त्याच घेतल्या, आणि त्यांना पुन्हा मान मिळाला. १९९४ साली 'पल्प फिक्शन' या चित्रपटाच्या आरंभी 'मिसर्लू' वाजली आणि डेलचे नाव पुन्हा जगभर झाले. २०१९ साली तो वारला.

शिक्षक बंधुभगिनींनो, यातून एक गोष्ट ध्यानात येते. ज्याला वाजवता येत नव्हते त्याने वाद्य केले, आणि ज्याला करता येत नव्हते त्याने ते जळेपर्यंत वाजवले. दोघांपैकी एकाने जरी 'तुला काय कळते?' म्हटले असते, तर तो आवाज जन्मलाच नसता. शाळेतली पेटी किंवा ढोलकी एखाद्या मुलाने वेगळ्याच रीतीने हाती धरली, तर लगेच त्याचा हात सरळ करायला जाऊ नये. आधी थोडे ऐकावे. तो चुकत असेल तर पुढे सुधारता येईलच. पण कदाचित तो काही शोधत असेल.