खेळांतल्या आगगाड्यांचा संग्रह

माझ्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत पुस्तकांशेजारीं एक कांचेचें कपाट आहे. त्यांतल्या आगगाड्या पाहून नवा पाहुणा हटकून विचारतो, "नातवंडांच्या कां?" गृहस्थ हंसतात, पण कपाटाचें कुलूप कांहीं काढीत नाहींत.

या छंदाचें मूळ जर्मनींत आहे. गेपिंगेन येथील मेर्क्लिन हें घराणें १८५९ पासून बाहुल्यांच्या स्वयंपाकघरांतलीं पत्र्याचीं भांडीं करीत असे. भातुकली एकदां घेऊन भागत नाहीं. आज चूल, उद्यां कपाट, असें चालूच राहतें. हेंच तत्त्व त्यांनीं १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत आगगाडीला लावलें. ठराविक मापाचे रूळ आले, आणि मागोमाग स्टेशन, सिग्नल, बोगदा हींहि आलीं. इंग्लंडांत मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी यानें १९२० सालीं सव्वा इंची रुळांवरची किल्लीची गाडी काढली. तिचें इंजिनहि नट-बोल्ट काढून सुटें करतां येई. पुढें त्याच्या कारखान्यानें प्रवाशांचें सामान आणि दुधाचे कॅनसुद्धां केले. संग्राहकाची खरी परीक्षा, माझ्या मतें, या किरकोळ वस्तूंत आहे. इंजिन कोणीहि जपतो. करंगळीएवढी पेटी केरांत जाते.

रंग उडालेलें इंजिन पुन्हां रंगवावें काय? माझे स्नेही एकदां या मोहास बळी पडले. पत्र्यावर शिळाछापानें उठविलेलीं अक्षरें नव्या रंगाखालीं कायमचीं गेलीं. तें इंजिन आतां मागच्या रांगेंत असतें.

रंगाचें मोल कसें फिरतें पाहा. अमेरिकेंतील लायोनेल कंपनीनें १९५७ सालीं मुलींकरितां गुलाबी इंजिनाची गाडी काढली. मुलींनीं तिच्याकडे पाठ फिरविली. न खपलेली तीच गाडी आज संग्राहक चढ्या किंमतीस घेतात, आणि म्हणून तिच्या नकलाहि निघाल्या.

मोठें दुखणें मात्र धातूचें. १९३० च्या दशकांत जस्ताच्या मिश्रधातूंत ओतलेल्या कांहीं चाकांत शिशाचा अंश राहून गेला. असें चाक आंतून फुगतें, तडकतें, आणि शेवटीं बोटांत त्याचा भुगा होतो. उष्ण व दमट हवेंत हा क्षय लवकर होतो; त्याला औषध नाहीं. चाकें बदलावींत तर मूळ वस्तु उरत नाहीं, न बदलावींत तर गाडी उभी राहात नाहीं. माझ्या स्नेह्यांनीं नवीं चाकें बसविलीं, आणि जुन्यांचे तुकडे पुडींत बांधून गाडीच्याच खोक्यांत ठेवले. गेल्या पावसाळ्यांत दुसऱ्या एका डब्याच्या चाकावर केसाएवढी रेघ दिसली. तो डबा आतां वेगळ्या फळीवर आहे.