नोकरी सांभाळून पीएच.डी.: एकटीने नव्हे, तुकडीने

(युवा शिबिरात एका शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी कोकणात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते. नोकरीला बारा वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी शिक्षणशास्त्रात अंशकालीन पीएच.डी.ला प्रवेश घेतला. प्रबंध अजून व्हायचा आहे, तेव्हा मला 'डॉक्टर' म्हणू नका. वाटेत असलेल्या माणसाने मागून येणाऱ्यांना रस्ता कसा आहे ते सांगावं, तेवढंच मी करणार आहे.

घरात पहिला प्रश्न आला तो असा: याने पगार वाढणार का? सासूबाईंनी विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. दोन मुलं, शाळा, घर, वरून हे कशाला? माझ्या आजच्या पगारात यामुळे लगेच काही फरक पडणार नाही. मग कशाला, ते सांगते.

आमच्या शाळेत आठवीपर्यंत वर्ग आहेत. आठवी पास झाली की आम्ही शाळा सोडल्याचे दाखले तयार करतो. मुलांचे दाखले आठवड्याभरात जातात, कारण पुढच्या शाळेत प्रवेश घ्यायचा असतो. काही मुलींचे दाखले मात्र कपाटात पडून राहतात. कुणी मागायलाच येत नाही. गंमत अशी की आमच्या रजिस्टरात या मुली यशस्वी आहेत. 'आठवी उत्तीर्ण' असा शेरा आहे. त्या आमच्याकडून गळाल्या नाहीत आणि पुढच्या शाळेत कधी पोहोचल्याच नाहीत, मग त्या कुणाच्या हिशेबात धरायच्या?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, असं त्याखालचे नियम सांगतात. नववीच्या शाळेचं अंतर त्यात नाही. म्हणजे कायद्याचा हात जिथे सुटतो, नेमकं तिथेच ही मुलगी घरी बसते. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल 2006 साली आला. देशात वीस वर्षांवरील लोकांत पदवीधर किंवा पदविकाधारक सुमारे 7 टक्के आणि मुसलमानांत 4 टक्क्यांहूनही कमी, असं त्यात नोंदवलं होतं. तो आकडा आपण भाषणांत खूप वापरला. पण तो आकडा तयार होण्याची सुरुवात कुठल्या तरी शाळेच्या कपाटातून होते, आणि ते कपाट रोज उघडणारी व्यक्ती शिक्षिका असते. तिने ते मोजायला आणि नीट मांडायला शिकावं, म्हणून मी ही वाट धरली.

आता वाटेचे नियम सांगते, कारण याबाबत गैरसमज फार आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार अंशकालीन पीएच.डी. करता येते. पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण लागतात. इतर मागासवर्गीयांना, नॉन-क्रीमी लेयर असेल तर, 5 टक्के सवलत आहे. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा कागदपत्रं वेळेवर काढा. प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या 'पेट' परीक्षेतून होतो. आपल्या विद्यापीठाची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नोकरी करणाऱ्याला वरिष्ठांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. तुम्हाला अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल, असं त्यात लिहिलेलं असावं लागतं. माझी फाइल एका कार्यालयात चार महिने पडून होती. जाहिरात निघायची वाट न बघता अर्ज आधीच टाका.

मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. मैत्रिणींनो, ही माहिती लग्नाची बोलणी चालू असतानाच दोन्ही घरांना देऊन ठेवा.

एक सावधगिरी. घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी. करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला परवानगीच नाही. अंशकालीन म्हणजे अर्धी पदवीही नव्हे. कोर्सवर्क तेच, दर सत्राला सल्लागार समितीसमोर सादरीकरण तेच, बाहेरचे परीक्षक आणि शेवटची मौखिक परीक्षाही तीच.

पैशांचं म्हणाल, तर मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप नव्या संशोधकांसाठी बंद करत असल्याचं केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये संसदेत सांगितलं. ती पूर्णवेळ संशोधकांसाठी होती, मला तशीही मिळाली नसती. पण ती गेल्यामुळे आपल्यातल्या अनेकांना आता नोकरी सोडून संशोधन करणं परवडणारं नाही. ज्यांना पूर्णवेळ शिकायचं होतं तेही आता माझ्याच रांगेत उभे राहणार आहेत.

या रांगेत टिकायचं कसं, तर तुकडीने. इंग्लंड-अमेरिकेत शिक्षणशास्त्राची एक वेगळी डॉक्टरेट असते, तिला एड.डी. म्हणतात. ती बहुतेक नोकरी करणारे शिक्षक आणि मुख्याध्यापक करतात. अनेक ठिकाणी एका वर्षी आलेले सगळे एक तुकडी म्हणून सोबत चालतात, सुटीच्या दिवशी भेटतात आणि आपल्याच शाळेतला प्रश्न अभ्यासाला घेतात. त्या तुकडीला तिकडे 'कोहॉर्ट' म्हणतात. आपल्याकडे कोर्सवर्क संपलं की ज्याचा तो, आपापल्या मार्गदर्शकाच्या दारात. सोडून देण्याची वेळ येते ती तिथेच.

आम्ही कोर्सवर्कला नऊ जण होतो. शेवटच्या दिवशी ठरवलं, पांगायचं नाही. महिन्यातला दुसरा रविवार ठरलेला. एक आश्रमशाळेतले सर, एक अंगणवाडी पर्यवेक्षिका, दोन ज्युनिअर कॉलेजचे प्राध्यापक, बाकी आम्ही जिल्हा परिषदेचे. प्रत्येकाने पाच पानं आणायची आणि इतरांनी ती फाडून काढायची. माझी प्रश्नावली पहिल्यांदा वाचून आश्रमशाळेचे सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही 'शाळा का सोडली?' असं विचारताय. आमच्या मुली म्हणतात, शाळा सुटली." त्या एका शब्दाने माझी अख्खी प्रश्नावली बदलली. 'सोडली' म्हटलं की जबाबदार मुलगी. 'सुटली' म्हटलं की मग विचारता येतं: कुणामुळे, कशामुळे? एसटीच्या वेळेमुळे? लहान भावंडांमुळे? मुलींच्या स्वच्छतागृहामुळे? ठरलेल्या लग्नामुळे? मुलाखती मी आमच्या कोकणी बोलीत आणि उर्दूत घेते, प्रबंध मराठीत लिहिते. कुणाचा शब्द कुठे कसा वळवायचा, यावर आमचे दोन रविवार गेले.

आणखी एक गोष्ट तुकडीमुळे निभावली. एका सादरीकरणात मला विचारण्यात आलं, "तुम्ही स्वतः मुस्लिम, मग या विषयात तटस्थ कशा राहणार?" प्रश्न टोचला. त्याच महिन्यात मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी नेमकं उलटं विचारलं, "बेटी, आपल्या घरातल्या गोष्टी बाहेर कशाला नेतेस?" एकाला मी जास्तच आतली वाटले, दुसऱ्याला जास्तच बाहेरची.

रविवारी यावर खूप बोलणं झालं. समितीसाठी उत्तर ठरलं ते पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं: मी कोण आहे, कोणत्या घरांत मला सहज शिरता येतं, कुठे लोक मला खूश करायला उत्तर देतील, आणि ते ताडून पाहायला मी कोणते कागद तपासणार आहे. आश्रमशाळेच्या सरांनीही आपल्या प्रबंधात तेच लिहायचं ठरवलं. खरं तर हे सगळ्याच संशोधकांनी लिहायला हवं, बहुसंख्य समाजातल्यांनीसुद्धा. बुजुर्गांना मी इतकंच म्हटलं, "चाचा, नाव कुणाचंच येणार नाही. पण मोजलं नाही तर नववीची शाळा कुठल्या तोंडाने मागायची?" ते गप्प राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी नातीला माझ्याशी बोलायला पाठवलं. तिचा दाखला अजून आमच्या कपाटात आहे. ती पुढे शिकेलच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. बोलणी चालू आहेत.

तर ज्यांच्या मनात हे आहे त्यांनी उद्यापासून तीन गोष्टी करा. रोजच्या कामात जो प्रश्न तुम्हाला सतावतो तो एका वाक्यात लिहून काढा. वाक्य जमत नसेल तर विषय अजून पिकलेला नाही. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात, त्यात आपल्या प्रश्नावर आधी काय काम झालं आहे ते बघा. आणि सोबतीला दोन माणसं शोधा, त्यातलं एक तरी आपल्या बिरादरीबाहेरचं असू द्या. मार्गदर्शक नंतर मिळेल. त्यांच्याकडे जागा मोजक्याच असतात: प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार. तयारीने जाणाऱ्याला लवकर होकार मिळतो.

मुलांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. तुमची बहीण किंवा बायको असा रविवार मागेल, तेव्हा 'परवानगी दिली' म्हणून मिरवू नका. त्या दिवशी स्वयंपाक करा. माझ्या घरी आता दुसऱ्या रविवारची खिचडी सासूबाई आणि मुलांचे अब्बा मिळून करतात. पगाराचा प्रश्न सासूबाई अजूनही विचारतात, पण दारात निघताना डबा हातात देऊन विचारतात.

अर्ज, फी, ना हरकत प्रमाणपत्र, ज्याला जे विचारायचं असेल ते विचारा. शेवटच्या एसटीपर्यंत मी इथेच आहे.