तारखेचा चौकोन

आदरणीय प्राचार्य, प्राध्यापक मंडळी आणि नाचाचे कपडे घालून विंगेत ताटकळलेल्या मुलामुलींनो,

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, यूएक्स डिझायनर नेमकं काय करतो?’ वेबसाइटला रंग देतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. माझ्या वडिलांचा तर अजूनही. खरं काम मला कसं कळलं, ते सांगते.

बीसीएस झाल्यावर मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागले. एका अर्जात जन्मतारखेसाठी कॅलेंडर होतं. तारीख निवडता येते, सेव्ह होते. म्हणजे टेस्ट पास. पुढे तोच अर्ज एक निवृत्त गृहस्थ भरत होते आणि मी मागे उभी होते. कॅलेंडर उघडायचं आजच्या महिन्यावर, मागे जायला एकच बाण. साठ वर्षं मागे जायचं म्हणजे ७२० क्लिक! थोड्या वेळाने ते ओशाळून म्हणाले, ‘आम्हाला नाही हो जमत हे कॉम्प्युटर.’ खोट अर्जात होती, बोल त्यांनी स्वतःला लावला. दिवस, महिना, वर्ष लिहायला तीन साधे चौकोन दिले असते तरी भागलं असतं.

डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी १९८८च्या त्यांच्या पुस्तकात नेमकं हेच मांडलंय. वस्तू वाईट घडवलेली असते आणि माणसं स्वतःला मूर्ख समजतात. पुढे १९९३मध्ये ॲपलमध्ये त्यांनी आपल्या हुद्द्यातच ‘यूजर एक्सपीरियन्स’, म्हणजेच यूएक्स, हे शब्द घातले.

टेस्टिंगमधून यूएक्सकडे वळताना मला चित्रकला येत नव्हती, त्याची धास्ती होती. मुलाखतीत मात्र विचारायचे, ‘हे बटण इथेच का? कुणाला वापरताना पाहिलंत?’ तिथे टेस्टरची खोदून पाहायची सवय कामी आली.

हल्ली मुलं पोर्टफोलिओत एखाद्या नावाजलेल्या ॲपचं नवं रूप आणतात. दिसतं झकास, पण कुणी वापरून पाहिलेलं नसतं. मला त्यात रस वाटत नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं, की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी कळतात. या आकड्यावर वाद आहेत. पण एकालाही न पाहण्यापेक्षा पाच बरे. फक्त पाहताना मदत करायची नाही. गप्प बसणं आपल्याला किती जड जातं, ते तेव्हा कळतं!

असं पाहायची सुरुवात तुमच्याच कॉलेजच्या प्रवेश अर्जापासून करा. प्राचार्य सरांची परवानगी मी आत्ताच, सगळ्यांसमक्ष मागून ठेवते.