कन्फ्यूशियसचा मान आणि त्याची शिकवण



आज मजकडे चीनच्या एका प्राचीन आचार्याचा विषय आला आहे. पाठशाळेत वाढलेल्यास तो परका वाटत नाही, कारण कन्फ्यूशियस (इ. स. पू. ५५१–४७९) हा सिंहासनावर बसला नाही, शिष्यांना शिकवीत राहिला.

माणुसकी आणि आचारमर्यादा हा त्याच्या उपदेशाचा गाभा होय. पुत्राने पित्याचा व प्रजेने राजाचा मान राखावा. परंतु राजाने आधी स्वतःचे शील शुद्ध करावे, असे तो सांगे. या परंपरेच्या ग्रंथांवर परीक्षा घेऊन चीनचे अधिकारी शतकानुशतके निवडले जात. १९०५ साली ती परीक्षा बंद झाली. १९१९ च्या चळवळीतील तरुणांनी देशाच्या दुर्बलतेचा दोष त्याच्या माथी ठेवला, आणि १९६६ साली रेड गार्डांनी च्यूफू या त्याच्या जन्मगावी मंदिरातील मूर्ती व शिलालेख फोडले.

पुढे वारे फिरले. २०१३ साली शी जिनपिंग स्वतः च्यूफूला गेले. मुलांनी वृद्ध मातापित्यांना वारंवार भेटावे, असा कायदाही त्याच वर्षी अमलात आला. तथापि राज्यकर्त्यांचे मन अद्याप द्विधा दिसते. २०११ च्या जानेवारीत तिएनआनमन चौकालगत उभारलेला कन्फ्यूशियसचा साडेनऊ मीटर उंचीचा पुतळा एप्रिलमध्ये गाजावाजा न करता तेथून हलविण्यात आला.

मान परत आला, पण शिकवण परत आली काय? त्याच परंपरेतील मेन्सियसने प्रजेला राजाहून श्रेष्ठ ठरविले होते. ते न रुचल्यामुळे मिंग वंशाच्या संस्थापक सम्राटाने १३९४ साली त्याच्या ग्रंथातील पंच्याऐंशी उतारे गाळविले. प्रजेने आज्ञा पाळावी एवढाच भाग ठेवायचा आणि राजाला बांधणारा भाग वगळायचा, हा मोह जुनाच आहे. आजही सुसंवादाचा व पितृभक्तीचा घोष मोठा होतो. चुकणाऱ्या सत्ताधीशास निर्भयपणे सांगावे, हे त्याच परंपरेतील कर्तव्य मात्र मागे राहते.

कायदा पुत्राला मातेच्या दारापर्यंत आणील. त्याच्या अंतःकरणात आदर कसा आणील? तो घरी व गुरूपाशीच रुजतो. म्हणूनच, सज्जनहो, ग्रंथ जाळणाऱ्याहून तो सोयीपुरता वाचणाऱ्याची मला अधिक भीती वाटते. कारण पहिल्याचा अपराध सर्वांस दिसतो, दुसऱ्याचा अपराध भक्तीच्या वेषात वावरतो. शास्त्र शिकणाऱ्या आम्हा सर्वांनाही हा इशारा लागू आहे.