हान्स बर्गर : मेंदूची लिपी उलगडणारा वैद्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एका जर्मन वैद्याचे चरित्र निवडले आहे. आपल्या ज्ञातीतील कर्तृत्ववान मंडळी सोडून हा परदेशस्थ कशाला, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर एवढेच की, ज्या विकाराचे नाव आपल्या घरांतून आजही दार लावून घेतले जाते, त्या फेफऱ्याचे, म्हणजे अपस्माराचे, स्वरूप डोळ्यांनी पाहण्याचे साधन या पुरुषाने जगाला दिले.

हान्स बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळील नॉयझेस या गावी झाला. वडील वैद्य होते. मातामह फ्रीडरिख र्‍यूकर्ट हे कवी आणि पौर्वात्य भाषांचे पंडित. आपल्या महाभारतातील नलदमयंतीचे आख्यान त्यांनी जर्मन पद्यात उतरविले होते. हान्स प्रथम गणित व खगोलशास्त्राकडे वळले. परंतु लष्करी शिक्षणाच्या काळात ते एकदा घोड्यावरून तोफेच्या गाड्यापुढे पडले. चाक अगदी जवळ येऊन थांबले म्हणून जीव वाचला. त्याच सायंकाळी वडिलांची खुशाली विचारणारी तार आली. भाऊ संकटात आहे असे दूर घरी असलेल्या बहिणीच्या मनाने घेतले होते, व तिच्या आग्रहावरून ती तार धाडली होती. हा प्रसंग बर्गर यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. मनाच्या व्यापारांमागे कोणती शक्ती असते आणि ती मोजता येईल काय, हा प्रश्न त्यांना त्या दिवसापासून सोडीना. ते वैद्यकाकडे वळले आणि १८९७ साली येना येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. १९१९ मध्ये ते तेथील संचालक झाले.

प्रथम त्यांनी मेंदूतील रक्ताभिसरण मोजून पाहिले, नंतर मेंदूचे तपमान. पुष्कळ वर्षे गेली, पण हवे ते उत्तर हाती लागले नाही. मग त्यांनी विजेचा मार्ग धरला. प्राण्यांच्या मेंदूत सूक्ष्म वीज असते, हे रिचर्ड कॅटन यांनी १८७५ सालीच दाखविले होते. माणसाच्या बाबतीत ते दाखवावयाचे होते. ६ जुलै १९२४ रोजी, शस्त्रक्रियेमुळे कवटीचे हाड काढलेल्या एका सतरा वर्षांच्या रुग्णावर त्यांना प्रथम या लहरी टिपता आल्या.

ज्ञातिबंधूंनो, यापुढील पाच वर्षे आम्हांस विशेष मननीय वाटतात. बर्गर यांनी तत्काळ डंका पिटला नाही. हे स्पंदन खरोखर मेंदूचे, की नाडीचे, की स्नायूंचे, याची ते एकेक करून शहानिशा करीत राहिले. स्वतःचा मुलगा क्लाउस यालाही त्यांनी अनेकवार प्रयोगासाठी बसविले. मोजावयाची वीज तरी केवढी? एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील थोडे दशक भाग! १९२९ साली पहिला निबंध प्रसिद्ध झाला. या आलेखास त्यांनी दिलेले 'इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम' हे नावच रूढ झाले. आपण त्यालाच ई. ई. जी. म्हणतो. मनुष्य डोळे मिटून शांत बसला म्हणजे सेकंदास सुमारे दहा लहरी उमटतात, आणि डोळे उघडताच त्या मावळतात, हे त्यांनी दाखविले. त्यांस आल्फा व त्यांहून जलद लहरींस बीटा ही नावेही त्यांचीच.

बराच काळ या कार्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी तो प्रयोग पुन्हा करून खरा ठरविला, तेव्हा जग जागे झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी एका प्रकारच्या अपस्मारात सेकंदास तीन या गतीने उमटणाऱ्या टोकदार लहरी दाखविल्या. वर्गात मध्येच क्षणभर शून्यात पाहणारे जे मूल वेंधळे म्हणून मार खात असे, ते आजारी आहे हे कागदावर दिसू लागले.

परंतु चरित्राची काळी बाजू झाकणे हे सत्याशी प्रतारणा ठरेल. जर्मनीत १९३३ साली नाझी राजवटीने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्यातील रोगांच्या यादीत आनुवंशिक अपस्मारही होता. त्या कायद्याखालील न्यायासनावर बर्गर बसले होते, असे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे. ज्याने रुग्णाच्या मेंदूची लिपी उलगडली, तोच रुग्णाचे माणूसपण नाकारणाऱ्या व्यवस्थेत सामील झाला! १९३८ साली ते निवृत्त झाले, आणि १ जून १९४१ रोजी खिन्न मनःस्थितीत त्यांनी आत्महत्या केली. ज्ञान मोठे असले तरी करुणा त्याच्या पाठोपाठ आपोआप येत नाही, हाच याचा बोध.

आणि तो बोध आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो. कुलशुद्धीच्या नावाखाली दुबळ्यांस बाजूस सारण्याचा मोह जर्मनीपुरताच होता असे कोण म्हणेल? आपल्याकडे फेफरे आले की जोडा हुंगवावा, अंगारा लावावा, आणि मुलगी असेल तर गोष्ट लपवून लग्न उरकावे, ही रीत. आपल्या हिंदू विवाह कायद्यातही १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार झटके ही विवाहास बाधा ठरविण्यात आली होती. १९९९ साली ती बाधा काढून टाकण्यात आली. कायद्याने जे सोडले, ते आपण किती दिवस धरून बसणार?

योग्य उपचार मिळाल्यास शंभरांतील सुमारे सत्तर रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात. झटका आला असता रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांत तो न थांबल्यास रुग्णालयात न्यावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये. आलेख निर्दोष आला म्हणून रोग नाहीच असेही समजू नये, निर्णय वैद्यांचा.

मंडळाच्या वधूवर सूचक समितीस आमची नम्र विनंती आहे की, हा विकार सांगणाऱ्या कुटुंबाचा मान राखला जाईल, अशी प्रथा तिने घालून द्यावी. सांगण्याची भीती गेली, तर लपविण्याची गरजच उरणार नाही.