विणणाऱ्याच्या पेटीत काय असतं?



सुरुवातीलाच एक विचारतो. तुमच्यापैकी कितीजणींच्या कपाटात आईची, सासूबाईंची किंवा आजीची पैठणी आहे? बरेच हात वर आले. आता दुसरा प्रश्न. ती कुणी विणली, हे कितीजणींना माहीत आहे? (हशा) हसू नका, पुरुषांची गतही तीच आहे. कुठल्या पेठेतून आणली, किती रुपये पडले, त्या वेळी सोन्याचा भाव काय होता, हे सगळं आपल्या घरात तोंडपाठ असतं. माग चालवणाऱ्याचं नाव मात्र पहिल्या दिवसापासूनच कुणी विचारलेलं नसतं. शांताबाई शेळक्यांची 'पैठणी' ही कविता आपल्यातल्या अनेकांना पाठ असेल. तिच्यात आजी आहे, नात आहे, आजीचा अख्खा संसार आहे. विणकर नाही. शांताबाईंना दोष द्यायचा नाही, कविता नेसणाऱ्या बाईची आहे. पण आज मला साडीच्या दुसऱ्या टोकाकडून बोलायचं आहे. ज्यानं ती केली, त्याच्या घरात त्याच्या हातचं काय उरतं?

येवल्यात पैठणीच्या कुठल्याही विणकराच्या घरी गेलात तर पुढच्या खोलीतच माग दिसेल. जुन्या घरांत तो खड्ड्याचा असतो. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर ठेवतो. शेजारी घरातली बाई रहाटावर कांड्या भरत असते. साडीचं अंग विणताना धोटा सरळ इकडून तिकडे जातो, काम भराभर सरकतं. पदर आला की सगळं मंदावतं. पदरात नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या तिल्लीवर असतो. अशा कितीतरी तिल्ल्या मागावर ओळीनं लोंबत असतात. खाली नक्षीचा कागद, वर ताणा. मोराच्या मानेची निळाई जिथं संपते आणि जर सुरू होते, तिथं दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागे फिरवायचे, पुन्हा पुढची ओळ. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. भरगच्च पदराची साडी उतरायला महिने लागतात, काही साड्यांना वर्षही पुरत नाही.

एवढं करून साडी उतरते, आणि त्याच दिवशी घरातून जाते. रेशीम काम देणाऱ्या मालकानं दिलेलं, जर मालकानं दिलेली, नक्षी गिऱ्हाइकानं निवडलेली. विणकराची मजुरी. स्वतःच्या भांडवलावर काम करणारेही आहेत, पण त्यांचीही गत फार वेगळी नाही, कारण त्या साडीत अडकलेले पैसे सुटल्याशिवाय पुढचा ताणा चढत नाही. म्हणून "कारागीर आपलं काम वारसा म्हणून का ठेवत नाहीत?" असं आपण विचारतो, तेव्हा आधी हे ध्यानात घ्यायला हवं की ठेवायला वस्तू आपली असावी लागते. इथं ती बहुतेक वेळा त्याची नसतेच. हौस नाही, जाण नाही, असली कारणं शहरातल्या चर्चासत्रांत ऐकू येतात. मला ती पटत नाहीत.

एका घरी मी हाच प्रश्न केला. म्हाताऱ्या विणकरांनी सुनेला आतून पेटी आणायला सांगितली. पत्र्याची पेटी, तळाशी डांबराच्या गोळ्या. मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेली पदराची एक पट्टी बाहेर आली, हातभर लांब, वीतभर रुंद, एका बाजूनं सरळ कापलेली. असावलीचा वेल होता. त्यांच्या वडिलांनी विणलेला. वेलाच्या एका पानाची हिरवाई बाकीच्या पानांपेक्षा जरा पिवळट होती. मधेच रेशीम संपलं असणार आणि दुसऱ्या घाण्याचं रेशीम लागलं असणार. "म्हणून तर राहिला," म्हणाले. "चांगला असता तर गेला असता." मग त्यांनी सुनेच्या मुलाला हाक मारली आणि त्या पट्टीवर बोट ठेवून वेल कुठं वळतो, वळताना जर किती घरं आधी सोडायची, हे त्याला दाखवायला लागले. मला दाखवायला म्हणून नव्हे. त्या मुलाच्या मागावर तोच वेल अडला होता.

ही पट्टी बाजारात ठेवली तर तिला कोण विचारील? पण त्या घरात ती अजून कामाची आहे. आपल्या कपाटातली पैठणी वर्षातून दोनदा बाहेर निघते, ही पट्टी गरज लागेल तेव्हा निघते. आणि हो, त्या घरातल्या सुनेच्या अंगावर त्या दिवशी यंत्रमागाची साडी होती. लग्नातली पैठणीसुद्धा हातमागाची नव्हती, असं तीच हसत म्हणाली.

आपल्या घरी तरी पैठण्या फार सुखात होत्या असं नाही. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. साडी विरली की पुष्कळ घरांतून ती जर विकत घेणाऱ्याकडे जायची, तो कापड जाळून चांदी काढून घ्यायचा. कित्येक पिढ्यांचं विणकाम असं मुशीत गेलं. काहींनी शहाणपणा करून पदर आणि काठ कापून नव्या कापडावर बसवले, त्यामुळे ते तरी राहिले.

आता कोकणात उतरू. संत राऊळ महाराजांमुळे तुम्हाला ठाऊक असलेलं कुडाळ तालुक्यातलं पिंगुळी. इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी. हाती बनवलेल्या कागदावर रंगवलेली चित्रं, रामायण-महाभारतातलं एकेक आख्यान, एका आख्यानाची एक पोथी. पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे, सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो, कथा गातो, जरा वेळानं ते फिरवून मागची बाजू दाखवतो. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयानं ही मंडळी देवळादेवळांतून आख्यानं लावायची. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्याही याच घरांत.

इथं गणित उलटं आहे, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथंच आहे. ठाकरांनी चित्रं विकायला काढलेली नव्हती. ती स्वतः वापरायला काढली होती. कारागीर आणि गिऱ्हाईक एकच. आजोबांनी रंगवलेला राम नातवानं उचलून धरायचा आणि त्यावर पोट भरायचं. त्यामुळे पोथी घरात राहणं आपोआपच आलं. जसं शेतकऱ्याला बी घरात ठेवावं लागतं, तसं. ते खाल्लं की पुढचा हंगाम गेला. आणि पोथीची वाटणी करता येत नाही. तीन भावांत चित्रं वाटली तर एकाकडे वनवास, दुसऱ्याकडे सीताहरण, तिसऱ्याकडे नुसतं युद्ध. कथा कुणाकडेच नाही. (हशा)

संस्थानं गेली, सिनेमा आला, रात्र रात्र बसून आख्यान ऐकणारे उठून गेले. मग पोथ्यांकडे संग्राहकांचं लक्ष गेलं. पुष्कळ चित्रं घराबाहेर पडली. काही संग्रहालयांत पोहोचली, काही परदेशी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची चित्रं आहेत. काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जे जमवलं ते 1975 साली सरकारच्या स्वाधीन केलं. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. त्यांनी उचललं नसतं तर त्यातलं बरंच वाळवीनं खाल्लं असतं. तरीही काचेमागची पोथी आणि घरातली पोथी यांत फरक आहे, तो जपणुकीचा नाही. काचेमागच्या चित्राचं वय ठरवता येतं, रंग कोणते ते सांगता येतं. त्याच्याकडे बघून कुणी गाऊ शकत नाही, कारण गाणारा दुसऱ्या गावी असतो.

पिंगुळीतच परशुराम गंगावणे यांनी वेगळी वाट धरली. घराण्यातल्या पोथ्या आणि बाहुल्या त्यांनी सोडल्या नाहीत. 2006 साली घरच्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी 'ठाकर आदिवासी कला आंगण' नावाचं संग्रहालय उभं केलं. सरकारी इमारत नाही, संगमरवर नाही, गोठा. तिथं जुनं काम बघायचं आणि शेजारीच नवं काम चाललेलं असतं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या पुरस्काराच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की जुनं घरात राहिलं म्हणून नवं त्याच्याकडे बघून काढता आलं, आणि विकायला निघालं ते नवं. ज्या घरातून अख्खी पोथी गेली, त्या घरातल्या मुलाला उद्या वाटलंच की आपणही काढावं, तर त्यानं कशाकडे बघून काढायचं?

मिरजेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथली तऱ्हाच न्यारी. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून तिथं सतार-तंबोरे करणारे उभे राहिले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा त्यांच्याकडे येतो. तेही वाद्य विकतातच, घरात ठेवत नाहीत. पण वाद्य परत येतं. घोडीची जवारी घासावी लागते, तारा बदलाव्या लागतात, भोपळ्याला तडा जातो. गवयाचा नातू आजोबांचा तंबोरा घेऊन येतो आणि कारागिराच्या नातवाला आपल्या आजोबांचं काम उघडून आतून बघायला मिळतं. दुरुस्ती ही त्यांची पेटी. पैठणीला हे भाग्य नाही. ती विणणाऱ्याकडे पुन्हा येत नाही.

आणि एक काम तर आपण कारागिरीत धरतच नाही. गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, वर ठिगळं मांडायची आणि काठापासून आत सरकत धावदोरा घालत जायचं. बाळासाठी दुपटं, म्हाताऱ्यासाठी जाड वाकळ. ही विकायला केली नाही, म्हणून ती घरात राहिली, म्हणून अजूनही खेड्यात "ही आमच्या चुलतीच्या हातची" असं बोट ठेवून सांगतात. आज तुमच्यापैकी कुणालाही आजीची पैठणी कुणी विणली ते सांगता आलं नाही, पण वाकळ कुणी शिवली ते निम्म्या सभागृहाला सांगता येईल. वाकळ वापरून वापरून फाटते, मग ती दुसऱ्या वाकळीच्या पोटात जाते. उसवून बघितलं तर आत पणजीचं लुगडं सापडतं. पैठणी जपावी तशी वाकळ कुणी जपत नाही, आणि तरी तिच्यात जास्त पिढ्या असतात.

मग पैठणीवाल्यानं करावं काय? सरकारनं संग्रहालय काढावं ही मागणी सोपी आहे, आणि मी तिच्या विरोधात नाही. पण मला वाटतं, यातलं काही आपल्याच हातात आहे. आपण घरच्या लग्नासाठी साडी विणायला टाकतो, आगाऊ रक्कम देतो, नक्षी ठरवतो, रंगावरून तासभर वाद घालतो. त्याच वेळी एवढंच सांगायचं की साडी उतरल्यावर त्याच ताण्यावर, त्याच नक्षीची वीतभर पट्टी आणखी विणा, ती तुमच्याकडे ठेवा, तिचे पैसे आम्ही देतो. पानाची हिरवाई जुळली नाही म्हणून उरलेली नको, चांगलीच. रेशीम थोडं लागेल, जर थोडी लागेल, विणकराचे काही दिवस जातील. साडीच्या किमतीत हे फार नाही. मालक मधे असेल तर त्याच्याशी बोलावं लागेल, आणि तो पहिल्यांदा नाही म्हणेल, कारण नक्षी दुसऱ्याकडे जाईल ही त्याला भीती. त्याची भीती खोटी नाही. ती कशी मिटवायची याचा विचार विणकरांच्या सोसायट्यांनी आणि मालकांनी एकत्र बसून करायला हवा.

पट्टीच्या कोपऱ्यात विणणाऱ्याचं नाव आणि साल विणून घ्या. आणि साडीच्या आतल्या टोकालाही तेच नाव घाला म्हणावं. ते आत खोचलं जातं, दिसत नाही, कुणाची हरकत असायचं कारण नाही.

 येवल्याचे पत्ते कुणाला हवे असतील तर कार्यक्रमानंतर मी इथंच थांबणार आहे.