सूर्यकन्येच्या पात्रात पुन्हा नाव हवी



सोनगीरचे नाव निघताच तांब्या-पितळेची भांडी डोळ्यांसमोर उभी राहतात. येथील तांबटांनी घडविलेल्या हंड्या-कळश्यांनी खानदेशातील कित्येक पिढ्यांची तहान भागविली. याच सोनगीरहून आग्रा रस्त्याने उत्तरेस निघावे, नरडाणा मागे टाकावे, की सावळद्याच्या पुलावर तापीमाईचे विस्तीर्ण पात्र सामोरे येते. धावत्या गाडीतून क्षणभर हात जोडले जातात, एखादी माउली नाणे अर्पण करते आणि नदी मागे पडते. खानदेशी माणसाचे तापीशी नाते एवढेच उरावे काय, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

तापी ही सूर्यकन्या. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मोत्सव होतो. चांगदेवला पूर्णा, मुडावदजवळ पांझरा आणि प्रकाशे येथे गोमाई तिला मिळते. या संगमांनीच खानदेशाचे तीर्थजीवन घडविले. पूल होण्यापूर्वी पावसाळ्यात तापी ओलांडायची, तर नावेवाचून गत्यंतर नव्हते. यात्रेकरू, व्यापारी, माहेरवाशीण असे सारे एकाच नावेत बसत. भोई आणि कोळी बांधवांना पाण्याची ओढ, डोह, खडक तोंडपाठ असत. नावघाट ही त्या काळची सार्वजनिक संस्थाच होती. परकीय राजवटीलाही तिचे महत्त्व मान्य करावे लागले. मुंबई इलाख्यात 1868 साली नावांसंबंधीचा कायदा झाला. त्यात सार्वजनिक नावघाट जाहीर करण्याची, त्यांचा मक्ता देण्याची आणि उताराचे दर ठरविण्याची तरतूद होती. नदी ओलांडणे ही कोणाची मेहेरबानी नसून सार्वजनिक सोय आहे, हे तत्त्व त्यात होते.

पूल आले, हे इष्टच झाले. पुढे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशे येथे बॅरेज उभे राहिले. पूर्वी उन्हाळ्यात जेथे वाळू तापे, तेथे आता पाणी तुंबून राहते. दैवदुर्विलास असा, की पाणी हंगामी होते तेव्हा नाव होती. पाणी टिकू लागले तेव्हा नाव गेली. मासेमाराची होडी दिसते, पण सामान्य माणसाने निर्धास्त बसावे अशी परवानाधारक, नियमित नाव दुर्मीळ झाली आहे. वापर थांबला की घाटाची वाट बाभळी गिळतात आणि वाळू उपसणाऱ्यांचे फावते. ज्या नदीवर समाजाची ये-जा नाही, तिच्यावर समाजाची नजरही राहत नाही.

कागदोपत्री मात्र तापीचा मोठा सन्मान झाला आहे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील 111 जलमार्ग घोषित झाले. त्यांत तापीचा क्रमांक 100 असून लांबी 436 किलोमीटर आहे. जमीन महसूल संहितेनुसार नद्यांची मालकी शासनाकडे आहे. परंतु शासन हे नदीचे विश्वस्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बियास नदीच्या प्रकरणात स्पष्ट केले. विश्वस्ताने ठेव सांभाळायची असते. धन्याला दाराबाहेर ठेवायचे नसते.

कोणी विचारील, पूल असताना नाव कशाला? समोरासमोरच्या काठांवर वसलेल्या दोन गावांना हा प्रश्न विचारावा. समोरचे शिवार हाकेच्या अंतरावर असूनही पुलाचा वळसा घालावा लागतो, तेव्हा विद्यार्थ्याचा आणि शेतकऱ्याचा दिवस रस्त्यात जातो. सुरक्षित नाव नसली, तरी माणसे पाण्यात उतरायची थांबत नाहीत; मिळेल त्या होडीत बसतात. जानेवारी 2019 मध्ये संक्रांतीच्या पर्वावर नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेत नाव उलटून भाविकांचे प्राण गेले. मे 2024 मध्ये उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट बुडून सहा जणांचा अंत झाला. या दुर्घटनांवर बंदी हा उपाय नव्हे. नियमांनी बांधलेली सार्वजनिक नाव, हाच उपाय आहे.

गोव्यात हे घडते आहे. तेथे शासनाचे नदी परिवहन खाते फेरीबोटी चालविते आणि पादचाऱ्याकडून पैसा घेत नाही. तापीवर आरंभ लहान असला तरी चालेल. समोरासमोरच्या दोन ग्रामसभांनी ठराव करावा, जुन्या घाटाची वाट महसूल खात्याकडून मोजून मोकळी करून घ्यावी. 2021 च्या अंतर्देशीय नौका कायद्याप्रमाणे नावेची नोंदणी व्हावी. प्रत्येक उतारूस जीवरक्षक जाकीट मिळावे, क्षमतेपेक्षा एकही माणूस अधिक नसावा, वादळवाऱ्यात आणि पुरात नाव बंद राहावी. बॅरेजची दारे उघडण्याची सूचना नावाड्यास आधी मिळावी. आणि सुकाणू धरण्याचा पहिला मान काठावरच्या भोई-कोळी तरुणांचा असावा. पूर येतो तेव्हा गावाला वाचविणारे हातही तेच असतात.

सोनगीरकरांना एक गोष्ट सांगावयास नको. तांब्याचे भांडे अडगळीत पडले की काळवंडते आणि रोजच्या वापरात आले, चिंचेने घासले गेले, की लखलखते. नदीचेही तसेच आहे. पुलावरून टाकलेल्या नाण्याने तिचे ऋण फिटत नाही. येत्या आषाढ सप्तमीस तापीची ओटी भरताना काठावरच्या एका तरी गावाने नावघाटाचा ठराव तिच्या चरणी ठेवावा.